वकिलीचा अर्ज अन् पेरणीचा वाफसा

कास्तकार मंडळी, आज कपाशीवर बोलत नाही. मागच्या पंधरवड्यात कौंडण्यपूरला गेलो, तेव्हा एका बापाने विचारले, "साहेब, पोराला वकील करायचे आहे. अर्जातच पैसा संपला, आता काय करू?" पोरगा बी. ए. झालेला. अर्ज भरून देणाऱ्याने त्याला तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या, अशा दोन्ही अभ्यासक्रमांच्या परीक्षांचे अर्ज भरायला लावले. पदवीधराला तीन वर्षांचा एकच पुरे होता. गेलेले शुल्क परत मिळत नाही.

आधी हे समजून घ्या. राज्यातल्या विधी महाविद्यालयांसाठी २०१६ पासून सामाईक प्रवेश परीक्षा आहे. तिचा एकच अर्ज अमरावती, अकोला, नागपूर सगळीकडे चालतो. दर कॉलेजला वेगळा अर्ज लागत नाही. कॉलेजांचा पसंतीक्रम निकालानंतर, प्रवेशफेरीत द्यायचा असतो. बारावीनंतर पाच वर्षे, पदवीनंतर तीन. राखीव प्रवर्गाला शुल्क कमी असते. म्हणून अर्जात प्रवर्ग बरोबर लिहा.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची वाट वेगळी. त्यांची क्लॅट परीक्षा डिसेंबरात होते. २०२५ च्या प्रवेशाची १ डिसेंबर २०२४ ला झाली. तिचे शुल्क चार हजार रुपये. अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मुलांना साडेतीन हजार. एकाच अर्जात देशभरातली सहभागी विद्यापीठे येतात. पण तिथे चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. पोराची तयारी नसेल तर नुसती हौस म्हणून चार हजार घालू नका. तेवढ्या पैशात वावराला खत येते.

आता वेळेचे गणित. राज्याच्या परीक्षेचे अर्ज साधारण थंडीत निघतात, तेव्हा कापूस विकून हाती पैसा असतो. परीक्षा उन्हाळ्यात. प्रवेशफेऱ्या मात्र पावसाळ्यात, ऐन पेरणी-निंदणात, जेव्हा घरात दमडी नसते. म्हणून कॉलेजच्या पैशाची तजवीज हंगामातच करून ठेवा.

कागदपत्रांचेही तसेच. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेशाच्या वेळी तो पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा लागतो. तेव्हा एप्रिल उजाडला की मुदत पाहा, संपली असेल तर लगेच तहसीलला अर्ज टाका. जातवैधता तर आधीच मागा; तिला वेळ लागतो. वाफसा गेल्यावर तिफण काढून काय उपयोग?

एक महत्त्वाचे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली. कोणी "सीट पक्की करून देतो" म्हणाले, तर आधी हे विचारा.

ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना विनंती, या तारखा चावडीवर लावा. पापळच्या पंजाबरावांनी बॅरिस्टर होऊन देशाचे कृषिमंत्रिपद सांभाळले. आपल्या गावातही बांधाच्या अन् सातबाराच्या भांडणात खेटे घालणारे पुष्कळ आहेत. घरचाच वकील झाला, तर ते खेटे वाचतील.