निम्म्या वाट्याला नकार

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात १९ जानेवारी १९४६ रोजी डॉली पार्टन यांचा जन्म झाला. बारा भावंडांत त्या चौथ्या. प्रसूतीसाठी आलेल्या डॉक्टरांना द्यायला घरात रोकड नव्हती. वडिलांनी मक्याच्या पिठाचे पोते देऊन ते देणे फेडले. वडील निरक्षर होते, परंतु व्यवहारात हुशार. मुलीने तो गुण उचलला.

१९६४ मध्ये शालेय शिक्षण संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉली नॅशव्हिलला पोहोचल्या. ‘कंट्री’ या ग्रामीण बाजाच्या संगीताची ती पेठच. तेथे लवकरच त्यांनी मामांच्या साथीने आपल्या गीतांची प्रकाशन संस्था काढली. गीताचा प्रकाशन-हक्क ज्याच्या हाती, त्याला ते गीत कोणीही गायिले तरी मानधनाचा वाटा मिळतो. गायकाचा आवाज थकतो. हक्क थकत नाही.

१९६७ पासून त्या पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गात होत्या. स्वतंत्र वाट धरताना त्यांच्या निरोपासाठी त्यांनी ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे गीत रचले. १९७४ मध्ये ते कंट्री गीतांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. तेव्हा एल्व्हिस प्रेस्ली यांनी ते गाण्याची इच्छा दर्शविली. अशी संधी कोणत्या गीतकाराने सोडली असती? परंतु त्यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी अट घातली : प्रकाशन-हक्कातील निम्मा वाटा द्यावा. डॉलींनी नकार दिला. त्या रात्री त्या खूप रडल्या. अनेकांनी त्यांना वेड्यात काढले. एल्व्हिस यांच्या आवाजात ते गीत ध्वनिमुद्रित झालेच नाही.

पुढे १९७७ पासून त्यांनी पॉप संगीताचे श्रोतेही मिळविले. १९८० च्या ‘नाइन टू फाइव्ह’ने दोन्ही याद्यांत पहिले स्थान पटकावले. आणि १९९२ मध्ये ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टन यांनी तेच जुने निरोपगीत गायिले. अमेरिकेत ते चौदा आठवडे अग्रस्थानी राहिले. अठरा वर्षांपूर्वी जपलेल्या हक्काचे मोल तेव्हा जगाला कळले. निम्मा वाटा दिला असता, तर ही प्राप्तीही निम्मीच झाली असती.

मात्र मालकी जपणे म्हणजे सारे स्वतःपाशी ठेवणे नव्हे. १९९५ मध्ये वडिलांच्या निरक्षरतेचे स्मरण ठेवून डॉलींनी आपल्या जन्मजिल्ह्यात एक उपक्रम आरंभिला : पाच वर्षांपर्यंतच्या बालकांना दरमहा एक पुस्तक टपालाने, विनामूल्य. आज तो अनेक देशांत पोहोचला असून वीस कोटींहून अधिक पुस्तके वाटली गेली आहेत. मुले डॉलींना ‘पुस्तकवाली बाई’ म्हणू लागली, आणि अक्षरशत्रू पित्याला लेकीच्या साऱ्या कीर्तीहून हे नाव अधिक अभिमानाचे वाटले.