विषाला ‘माल’ म्हटलं म्हणून ते गोड होत नाही



लग्नसराई तोंडावर आली आहे. पाड्यापाड्यांवर मांडव पडतील आणि जवळजवळ प्रत्येक मांडवाच्या कोपऱ्यात एक निळं नाहीतर काळं पिंप पाण्यानं भरून उभं राहील. दोनशे लिटरचं, आठवडी बाजारातून भंगारवाल्याकडून आणलेलं. त्याच्यावरचा कागद खरवडून काढलेला असतो. कधी कधी कवटीचं चित्र अर्धंमुर्धं राहिलेलं दिसतं, पोरं त्याला हसतात. आपण ते राखेनं घासतो, दोन दिवस उन्हात पालथं घालतो, वास गेला की पाणी भरतो. वास जातो. पण प्लास्टिकच्या अंगात जे मुरलेलं असतं ते राखेनं निघत नाही. वऱ्हाडाला उलट्या झाल्या की आपण शिळ्या भाताला दोष देतो, कोण म्हणतो नजर लागली, कोण म्हणतो देवाचं काही राहिलं. पिंपाकडे कुणी बघत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. २४ सप्टेंबर २००८ ला दिल्ली सरकारनं घातक कचऱ्याचे नवे नियम गॅझेटात छापले. भोपाळला १९८४ साली विषारी वायूनं माणसं मेली, त्यानंतर १९८६ चा पर्यावरण कायदा आला आणि त्याखाली १९८९ साली पहिले नियम झाले. त्याच नियमांची ही पुढची आवृत्ती, २०१६ पर्यंत ती लागू होती. घातक कचऱ्याच्या नियमांच्या यादीत, ज्यात घातक रसायन भरलेलं होतं ते रिकामं पिंपसुद्धा घातक कचरा म्हणून लिहिलेलं आहे. म्हणजे कागदावर ते पिंप बाजारात यायलाच नको. तरी ते येतं, राजरोस येतं. कारखान्याचा मुकादम भंगार ठोक भावात विकतो, भंगारवाला आपल्याला एकेक करून विकतो, मधे कुणी विचारत नाही. गुन्हा कुणाचा? घेणाऱ्या बाईचा, असं म्हणणारे साहेबही भेटतात. “तुम्ही कशाला घेता?” म्हणून विचारतात.

कशाला घेतो ते सांगतो. पाणी साठवायला घेतो. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो आणि मार्चपासून बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. आपल्या डोंगरांचं पाणी वैतरणा, तानसा, भातसाच्या धरणांत अडवून पाइपातून मुंबईला जातं. पाणी तिकडे जातं आणि पिंप इकडे येतं. सरकारनं दर घराला साठवणीची साधी टाकी दिली असती तर कवटीवालं पिंप घरात आणायची कुणाला हौस नव्हती.

पण पिंप ही ह्या गोष्टीची शेपटी आहे. डोकं निराळंच आहे आणि ते एका शब्दात आहे.

२००८ चे नियम पक्के व्हायच्या आधी २००७ साली सरकारनं त्यांचा मसुदा काढला होता. त्या मसुद्यात ‘घातक कचरा’ हा शब्द बदलून ‘घातक पदार्थ’ असा केला होता. म्हणजे ज्याच्यातून काहीतरी काढता येतं, जे पुन्हा वापरता येतं, ते कचरा नव्हेच, तो माल! परदेशातून जहाज भरून आलं तरी कचरा आला म्हणायचं नाही, माल आला म्हणायचं. त्यावर देशभर ओरड झाली आणि शेवटी २००८ च्या नियमांच्या नावात ‘कचरा’ शब्द परत आला. नावात आला. पण डोक्यातून ‘माल’ गेलेला नाही, आणि धंदा तर त्या ‘माल’ शब्दावरच चालतो.

हा डाव आपल्याला नवा आहे का? आपण पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीला कागदावर ‘वन’ म्हटलं आणि आपण ‘अतिक्रमणदार’ झालो. जिथं नाचणी-वरई पिकते, गुरं चरतात, त्या वरकसाला ‘पडीक’ म्हटलं आणि ती कारखान्याला मोकळी झाली. तालुक्याला ‘मागास’ म्हटलं आणि त्या नावानं कारखानदाराला करात सवलत मिळाली, मागास मात्र आपणच राहिलो. वाड्याच्या बाजूला डी-प्लस झोनच्या सवलतीपायी किती शेड उभ्या राहिल्या ते रस्त्यानं जाताना मोजा. नाव बदललं की हक्क बदलतो, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

न्हावा-शेवा बंदराची गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. परदेशातून १३३ कंटेनर आले. कागदावर लिहिलं होतं वंगणाचं तेल. तपासलं तर निघालं टाकाऊ तेल, घातक कचरा. ती पेटी-पेटी वर्षानुवर्षं बंदरात पडून राहिली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जानेवारी २००५ मध्ये कोर्टानं हुकूम दिला की हे तेल भट्टीत पूर्ण जाळून नष्ट करा, आणि खर्च आणणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घ्या. तेव्हा १३३ पकडले गेले. कोर्टात कुणी वर्षानुवर्षं पाय रोवून लढलं म्हणून पकडले गेले. ‘वंगण’ असा कागद दाखवून जे सुटले असतील ते तेल कुठल्या भट्टीत जळलं असेल?

तेलाचं असं आहे. गाडीचं, यंत्राचं वापरलेलं काळं ऑईल नीट गाळून-उकळून पुन्हा वंगण करता येतं, त्याच्या चांगल्या पद्धती आहेत. एक जुनी स्वस्त पद्धत म्हणजे त्यात गंधकाचं तेजाब ओतायचं आणि मातीतून गाळायचं. त्यातून डांबरासारखी आंबट काळी मळी निघते. ती मळी टाकायला जागा लागते, म्हणून ही पद्धत २००३ च्या नियमांनी बाद केली. नियमांत असंही आहे की असं तेल जाळायचं तर त्यातलं शिसं दहा लाख भागांत १०० भागांच्या वर नको. छान आहे. पण वीटभट्टीत नाहीतर डांबराच्या भट्टीवर रात्री टँकर रिकामा होतो तेव्हा ते शिसं मोजणार कोण? तिथं रात्री जागं असतं ते आपलं कातकरी कुटुंब, भट्टीशेजारच्या झोपडीत, पोराबाळांसकट. (आपणही ते काळं ऑईल वाळवी लागू नये म्हणून मेढी-वाशांना फासतो. फासणाऱ्यानं हात साबणानं धुवावेत आणि उरलेलं विहिरीजवळ ओतू नये, एवढं तरी पाळा.)

बॅटरीचं त्याहून वाईट. ट्रकची जुनी बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि तेजाबाचं पाणी. २००१ पासून त्यासाठी वेगळे नियम आहेत. २००१ च्या नियमांत जुनी बॅटरी विकणाऱ्यानं परत घ्यायची आणि नोंदणी असलेल्या कारखान्यालाच द्यायची असं होतं, ते नियम २०२२ पर्यंत लागू होते. तिथं धूर गाळणारी यंत्रं असतात. चोरटी भट्टी काय करते? हातोड्यानं बॅटरी फोडायची, तेजाब मातीत ओतायचं, पट्ट्या कोळशावर वितळवायच्या, वरची मळी ओहोळाच्या काठाला टाकायची. यंत्राचा खर्च नाही म्हणून ती भंगारवाल्याला चार पैसे जास्त देऊ शकते, आणि नियम पाळणारा मागे पडतो. सरकारनं नियम केले पण राखणदार ठेवला नाही, त्यामुळे कायद्यानं चालणाराच मूर्ख ठरतो.

शिसं कुजत नाही, जळून जात नाही. ज्या मातीत पडलं तिथंच राहतं. धुळीतून, हाताला लागून पोटात जातं. मोठ्या माणसाचं पोट मुरडतं, अंगातलं रक्त कमी होतं, हाताची ताकद जाते. गर्भार बाईच्या अंगातून ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. लहान पोरांना सगळ्यात जास्त बाधतं, कारण ती मातीत खेळतात आणि त्यांचं शरीर ते जास्त शोषून घेतं. त्यांची समज खुंटते. खुंटलेली समज परत आणणारं औषध नाही. मग शाळेतले गुरुजी म्हणतात, आदिवासींच्या पोरांचं डोकंच चालत नाही.

कुणी म्हणेल संघटना पुनर्वापराच्या विरोधात आहे, विकासाला आडवी येते. अरे, आपल्याइतका पुनर्वापर कोण करतो? फाटक्या लुगड्याची गोधडी आपण शिवतो, मोडक्या कुदळीचा विळा आपण करून घेतो, शेणापासून राखेपर्यंत आपण काही फेकत नाही. शिसं पुन्हा वितळवलं तर कुठला तरी डोंगर खणायचा वाचतो, हेही खरं आहे. आणि तो डोंगर बहुधा आदिवासीचाच असतो! पुनर्वापर करा, पण त्याची बचत शहराला आणि मळी आमच्या ओहोळाला, ही वाटणी आम्हाला मंजूर नाही.

“रोजगार मिळतो ना?” असं आपलेच काही पुढारी विचारतात. ना हरकत दाखल्यावर सही करणारे तर पहिले विचारतात. कसला रोजगार? कंत्राटदाराच्या हाताखाली रोजावर काम, हजेरीपटावर नाव नाही, हातमोजा नाही. माणूस आजारी पडला की दुसऱ्या दिवशी दुसरा येतो. ज्याचं नाव कुठंच नाही त्याला भरपाई कोण देणार?

आता पासाची गोष्ट. आपला माणूस बैलगाडीत चार वासे घालून निघाला की नाक्यावर गार्ड उभा राहतो, पास कुठं आहे? डोक्यावरच्या मोळीलाही विचारतो. विषाच्या गाडीलासुद्धा पास लागतो, हे किती जणांना माहीत आहे? घातक कचरा कारखान्याच्या दाराबाहेर पडला की त्याच्याबरोबर एक कागद असायलाच पाहिजे. कुठून निघाला, काय आहे, किती आहे, कुठं जाणार. त्याच्या प्रती रंगीत असतात, पांढरी, पिवळी, गुलाबी, केशरी, हिरवी, निळी, करडी. एक पाठवणाऱ्याकडे, एक नेणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे, आणि प्रदूषण मंडळाकडेही जाते. सगळ्यांना एकेक रंग आहे. ज्या गावातून ती गाडी जाते, ज्या गावात ती रिकामी होते, त्या गावाला एकही रंग नाही.

हेच ह्या नियमांचं खरं दुखणं आहे. २००८ च्या नियमांत पुनर्वापर करणाऱ्या कारखान्याची नोंदणी दिल्लीचं केंद्रीय मंडळ करायचं, तीही पाच वर्षांसाठी. संमतीपत्र राज्याचं मंडळ देतं. अपघात झाला तर कळवायचं मंडळाला. नुकसान झालं तर कारखानदार जबाबदार, असं नियमांत स्पष्ट आहे, पण नुकसान झालं हे ठरवायचं कुणी? आपण वनहक्काच्या दाव्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचे पुरावे जोडतोय, रेंज ऑफिसच्या दंडाच्या पावत्या शोधून शोधून. स्वतःच्या जमिनीसाठी पुरावा आपणच द्यायचा. ओहोळातले मासे-खेकडे मेले तर ते विषानं मेले ह्याचाही पुरावा आपणच द्यायचा. मग कारखानदारानं कधी काय सिद्ध करायचं?

म्हणून आपली मागणी सरळ आहे. नियमांत ग्रामसभा आली पाहिजे. नोंदणीच्या आधी विचारणा, गाडीच्या कागदाची एक प्रत गावाला, आणि कारखान्याच्या दारावर मराठीत फलक, आत काय येतं आणि बाहेर काय जातं. पिंपांचं म्हणाल तर ज्या कंपनीचं पिंप तिलाच परत भरायला जाणार असेल तर जावं. बाकी प्रत्येक पिंपाच्या बुडाला कारखान्याच्या आतच भोक पाडावं. त्याला ना यंत्र लागतं ना तज्ज्ञ.

हे दिल्लीत होईल तेव्हा होईल. आजच्या कायद्यातही आपल्या हातात काही आहे. वनहक्क कायद्याचं कलम ५ म्हणतं की ज्या गावात वनहक्कधारक आहेत तिथल्या ग्रामसभेला पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकार आहे. दावे भरताना सगळं लक्ष प्लॉटच्या नकाशाकडे जातं, हे कलम कुणी वाचत नाही. दुसरं, जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही, तशी भाड्यानंही देता येत नाही. शंभराच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा करार करून शेड मारली असेल तर तो करार कायद्यापुढे टिकत नाही. थोड्या भाड्यापायी जमीन देणाऱ्या भावांनो, ती परत मिळेल तेव्हा तिच्यात काय मुरलेलं असेल ह्याचा हिशेब भाड्याच्या आकड्यात धरला का? तिसरं, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाही. अर्जात एवढंच मागा: अमुक गट नंबरवरच्या कारखान्याचं संमतीपत्र आणि घातक कचऱ्याची परवानगी, दोन्हीच्या नकला. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर आलं तर ते फाडू नका, तोच पुरावा.

रात्री संशयाचा टँकर दिसला तर ड्रायव्हरला मारू नका. तो आपल्यासारखाच पोटासाठी राबणारा आहे, आणि मारलं तर केस आपल्यावर होते. पाच-दहा जणांनी मिळून गाडीचा नंबर, वेळ आणि जागा लिहून घ्या, रंगीत कागद दाखवायला सांगा, पोलीस पाटलाला बोलवा. जमिनीवर ओतलेलं हातानं उचलू नका.

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव घ्या, मोठ्यानं वाचा, बायकांच्या सह्या-अंगठे आधी घ्या:

“आमच्या गावाच्या हद्दीत घातक कचरा, वापरलेलं ऑईल, जुन्या बॅटऱ्या किंवा रसायनांची पिंपं साठवणारा, फोडणारा, जाळणारा वा वितळवणारा कोणताही धंदा ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय चालू देऊ नये. आज चालू असलेल्या अशा प्रत्येक जागेची पाहणी ग्रामसभेच्या समक्ष करावी, मातीचा व पाण्याचा नमुना आमच्यासमोर घ्यावा व अहवाल मराठीत द्यावा. वनहक्क कायदा कलम ५ प्रमाणे आम्ही आमच्या पाण्याच्या जागा राखत आहोत.”

ठरावाच्या चार नकला करा. तहसीलदार, बीडीओ आणि प्रदूषण मंडळाचं कार्यालय ह्यांना एकेक द्या, चौथी गावाच्या दप्तरात ठेवा. दिलेल्या प्रत्येक नकलेची शिक्क्यासह पोच घ्या. आवक-जावकचा माणूस जेवायला गेलाय म्हणाले तर तो येईपर्यंत तिथंच बसा.