अफवेचे बळी आणि आठवी आज्ञा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. भिक्षेसाठी तेथे आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. मोबाईलवरून फिरणारी अफवा हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा! पुढे १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशाच अफवेतून मारले गेले.

या हत्यांचा आपण सर्वांनी निषेध केला. तो सोपाही होता, कारण काठी आपल्या हाती नव्हती. परंतु काठी उचलली जाण्यापूर्वी अफवा अनेक हातांतून गेली होती. ती पुढे पाठविणाऱ्यांना आपण कुणाचा जीव घेत आहोत, असे वाटले नसेल. आपण शेजाऱ्याला सावध करीत आहोत, असेच वाटले असेल. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. यंत्राला मर्यादा घालता आली. मनाला ती कोण घालणार?

आठव्या आज्ञेचे विवेचन करताना ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा तीन पापे वेगळी करून सांगते. पुरेशा आधाराविना दुसऱ्याला दोषी मानणे, हा उतावळा निवाडा. खोटा आळ घेणे, ही निंदा. आणि तिसरे पाप म्हणजे दुसऱ्याचा खराखुरा दोष, सबळ कारण नसताना, तो ठाऊक नसलेल्यांना सांगणे. या तिसऱ्या पापाची जाणीव आपल्याला क्वचितच असते. "मी खोटे थोडेच सांगितले?" असे म्हणून आपण मोकळे होतो. मिस्सानंतर चर्चच्या आवारात कुणाच्या मुलाचे व्यसन, कुणाच्या सुनेचे माहेरी जाणे चघळले जाते. एखादी जुळत आलेली सोयरीक मोडते आणि ती का मोडली, हे त्या घराला कधीच कळत नाही. येथे रक्त सांडत नाही, पण माणसाचे नाव मरते.

पुनरुत्थित प्रभूने पेत्राला सरोवरकाठी आपल्यामागे येण्यास सांगितले, तेव्हा पेत्र मागे वळून दुसऱ्या शिष्याचे काय होणार, हे विचारू लागला. त्याची चिंता तुला नको, तू माझ्यामागे ये, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. पुढे पेत्राच्याच नावे असलेल्या पहिल्या पत्रात दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्याला चोर व खुनी यांच्या पंक्तीत बसविले आहे, हे विसरता येत नाही.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. "निंदा करू नका" हा उपदेश अन्याय झाकण्यासाठी वापरला जाऊ नये. बालकाचे शोषण किंवा घरातील मारहाण योग्य अधिकाऱ्यांना कळविणे ही चहाडी नव्हे, ते कर्तव्य आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाने धर्मगुरू व व्रतस्थांवर अशा शोषणाची माहिती ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना देण्याचे बंधन घातले. जे सांगून पीडिताचे रक्षण होते, ते सांगावे. जे सांगून केवळ आपली करमणूक होते, ते गिळावे.

६ सप्टेंबर २०२० रोजी, साथ ऐन भरात असताना, पोप फ्रान्सिस ह्यांनी कुटाळकी ही कोविडपेक्षाही वाईट साथ असल्याचे म्हटले होते. त्या दिवशीच्या शुभवर्तमानातच तिच्यावरचा उपाय होता: बंधू चुकला, तर प्रथम त्याला एकांतात भेटा. आपण नेमके उलटे करतो. साऱ्या गावाला सांगतो, त्याला सोडून.

प्रायश्चित्त संस्कारात या पापाची क्षमा मिळते. परंतु ज्याचे नाव आपण मलिन केले, त्याची भरपाई करण्याचे ऋण उरतेच. म्हणून एखादा संदेश पुढे पाठविण्यापूर्वी, एखादे वाक्य ओठांवर येण्यापूर्वी, स्वतःला इतकेच विचारू या: ज्याच्याविषयी मी हे सांगत आहे, तो समोर उभा असता तर मी हे बोललो असतो काय?