कैफियतीचा रकाना रिकामा का?

बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातून पाळी सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या कामगाराच्या खिशात, किंवा सौंसरच्या बाजारात संत्र्याचा भाव पाहणाऱ्या बागाईतदाराच्या हातात जो मोबाइल असतो, त्याची बॅटरी सुमारे पावणेचार व्होल्टची, आणि त्याच्या प्रोसेसरला मात्र एक व्होल्टच्या आसपासचाच, तोही कामाच्या मानाने क्षणोक्षणी कमीअधिक होणारा दाब लागतो. ही तफावत सांभाळणारी जी सूक्ष्म मंडळे त्यात बसविलेली असतात, त्यांना व्होल्टेज रेग्युलेटर म्हणतात. कमी दाबाने पंपाच्या मोटारीचे वाइंडिंग जळालेले ज्याने पाहिले आहे, त्या आमच्याकडच्या माणसाला दाबाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. लघुदाबाच्या पुरवठ्यात शेकडा ६ हून अधिक चढउतार असू नये, असे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच घालून दिले होते. त्याचा अंमल आमच्या शिवारात कितपत झाला, ते स्टॅबिलायझर विकणाऱ्यांना विचारावे.

मोबाइलमधील रेग्युलेटरांवर हुकमत चालविणारा ड्रायव्हर हा अँड्रॉइडच्या तळाशी असलेल्या लिनक्स कर्नलचा भाग होय. चिप कशी चालवावी हे त्यास ठाऊक असते. परंतु ती चिप कोणत्या बोर्डावर, कोणाच्या पुरवठ्यासाठी आणि किती मर्यादेत बसविली आहे, हे त्यास कोणीतरी सांगावे लागते. मोबाइलमध्ये सर्रास असणाऱ्या एआरएम प्रोसेसरांच्या बाबतीत ही माहिती पूर्वी बोर्डागणिक कर्नलच्या संहितेतच लिहीत असत. त्या पसाऱ्याला कंटाळून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ साली जाहीर त्रागा केला, आणि पॉवरपीसी यंत्रांवर आधीच रूढ असलेली डिव्हाइस ट्री, म्हणजे यंत्राच्या वर्णनाचे स्वतंत्र दप्तर, एआरएमवरही प्रचारात आले. पटवाऱ्याच्या खसऱ्यात शेताचा नंबर, क्षेत्र, पीक यांच्यापुढे कैफियतीचा रकाना असतो, आणि जमिनीची जी खोड आकड्यांत मावत नाही ती तेथे नोंदविली नाही तर बदलून आलेल्या नव्या पटवाऱ्याला ती कळण्याचा मार्ग उरत नाही. या दप्तराचेही तसेच आहे.

एक नोंद उदाहरणादाखल जवळून पाहू. प्रोसेसरचा वेग वाढविण्यापूर्वी दाब ०.८ व्होल्टवरून १ व्होल्टवर न्यावयाचा आहे, म्हणजे २ लाख मायक्रोव्होल्टांची चढण आहे. रेग्युलेटर दर मायक्रोसेकंदास १० हजार मायक्रोव्होल्ट चढत असेल, तर कर्नलने निदान २० मायक्रोसेकंद थांबले पाहिजे. हा चढण्याचा दर ज्या नोंदीत लिहितात, तिचे नाव रेग्युलेटर-रॅम्प-डिले. तीत शून्य लिहिणे आणि ती मुळीच न लिहिणे या दोन गोष्टी एक नव्हेत: शून्याचा अर्थ, ज्या चिपमध्ये तशी सोय आहे तेथे चढणीवरील नियंत्रणच बंद करावे, असा होतो, नोंदीचा अभाव म्हणजे निव्वळ मौन. रेग्युलेटर बंद असता चालू केल्यावर दाब स्थिर होण्यास लागणारा वेळ वेगळ्या नोंदीत जातो, आणि त्या वेळेत चिपच्या अंगच्या मंदपणाबरोबर बोर्डावरील तारमार्गांची धारकता व पुरवठ्यावरील भारही धरावा, असे डिव्हाइस ट्रीच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे तीच चिप दोन बोर्डांवर दोन तऱ्हेने वागू शकते, आणि ते ज्याने बोर्ड आखला तोच सांगू शकतो. त्याने ते सांगितले नाही, तर प्रोसेसर अपुऱ्या दाबावर धावू लागतो आणि फोन मधूनच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. ग्राहक बॅटरीला बोल लावतो.

असल्या खोडी ड्रायव्हरमध्येच, चिपच्या नावावरून ओळखून, निस्तराव्यात असे म्हणणारे अभियंते आहेत, आणि दोष चिपच्या प्रत्येक नगात असेल तेथे त्यांचे म्हणणे रास्तही आहे. परंतु दोष बोर्डाच्या आखणीतून येत असेल, तर त्याची जागा वर्णनाच्या दप्तरातच होय. त्या दप्तराचे सांभाळकर्ते दोन गोष्टींविषयी कडक आहेत: वर्णन यंत्राचे असावे, कर्नलने काय करावे याचा हुकूम त्यात नसावा, आणि जुने वर्णन नव्या कर्नललाही चालावे. हा कडकपणा अभियंत्यांना जाचतो खरा, तथापि त्याच्यावाचून दहा वर्षांपूर्वीचे यंत्र आज चालविणे दुरापास्त होईल, असे माझे मत आहे.

पण हे वर्णन सार्वजनिक दप्तरात दाखल कोण करतो? कर्नल जीपीएल या मुक्त संहितेच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली वाटला जात असल्याने, फोन विकणाऱ्याने मागणाऱ्यास त्याची संहिता देणे बंधनकारक आहे. परंतु ती कर्नलच्या मूळ शाखेत रुजवावी, असे बंधन कोणावरही नाही. परिणामी फोनच्या खोडी कारखानदाराच्या खासगी शाखेतच राहतात, आणि त्याने सुधारणा पाठविणे थांबविले की धडधाकट यंत्र कालबाह्य ठरते. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, ते स्वागतार्हच. मात्र दुरुस्तीचा हक्क म्हणजे केवळ पडदा आणि बॅटरी बदलण्याची मुभा, अशी खात्याची समजूत राहू नये.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘वेगा’ आणि आयआयटी मद्रासने ‘शक्ती’ हे स्वदेशी प्रोसेसर घडविले आहेत, आणि त्यांच्याभोवती बोर्ड बनविणाऱ्यांना ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावणे शक्य आहे. त्याहून सोपी तजवीज शासनाच्या हाती आहे. टॅब्लेट वा संगणक सरकारी पैशाने घेताना निविदेत एवढे एकच कलम घालावे: यंत्राचे संपूर्ण वर्णन, रेग्युलेटरांच्या मर्यादा व विलंबांसह, कर्नलच्या मूळ शाखेत दाखल झाल्याचा दाखला मिळाल्यावाचून शेवटचा हप्ता अदा होणार नाही.