गरोदरपणी 'बीपी' वाढले? थायरॉईडचीही चौकशी करा



गरोदर सुनेचे पाय सुजले की घरातली जाणती बाई म्हणते, "दोन जिवांची आहे, सूज यायचीच." थकवा आला तरी तेच उत्तर. आम्हांला या उत्तराचीच भीती वाटते. पावलांवर थोडी सूज बहुतेकींना येते, हे खरे. पण चेहरा व हात सुजणे, डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही ब्लड प्रेशर वाढल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाच महिन्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर गेले आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर त्यास प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. यातूनच पुढे झटके येतात. झटके आले की 'बाहेरचे' म्हणून अंगारा लावणारे अजून आहेत. बाबासाहेबांची तसबीर लावलेल्या घरात तरी हे नको!

यात थायरॉईडचा संबंध काय? गळ्यातली ही लहानशी ग्रंथी शरीराच्या कामाचा वेग ठरवते. पहिले तीन महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉईडवर चालते, त्यामुळे ग्रंथीवर बोजा वाढतो. ग्रंथी मंद असलेल्या बायकांत बीपीचा त्रास अधिक दिसतो. उलट, प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या कित्येकींच्या रक्तात टीएसएच वाढलेले आढळते. आधी कोण, हा वाद डॉक्टरांचा; आपण रक्त तपासायला सांगावे. किंचित वाढ दिसली म्हणजे गोळी लागतेच असे नाही, ते डॉक्टर ठरवतील.

गोळी दिली तर सकाळी उपाशीपोटी घ्यावी. लोहाची व कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी. आमच्या वस्त्यांत सगळ्या गोळ्या एका घोटात घेण्याची रीत आहे. तसे केल्यास थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. बाळाला बाधेल म्हणून ती परस्पर बंद करू नये. आणि बीपीची गोळी वेगळी, तीही चालू ठेवावी. बीपी बाळंतपणानंतरही वाढू शकते.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आज बिगारीवर जाणाऱ्या आमच्या बहिणीचा तपासणीसाठी खाडा पडतो, रोज बुडतो. तिने निदान एक तारीख धरावी. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी मोफत होते. बीपी आणि लघवी तेथे पाहतात. थायरॉईडचे आपण होऊन विचारावे, आणि जुने कागद पिशवीत घालून न्यावेत.