‘शेख’चं स्पेलिंग आणि हॉस्पिटलचं बिल

हॉस्पिटलचं बिल विमा कंपनीकडे हळूहळू कागदाऐवजी संगणकातून जाऊ लागलं आहे. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने त्यासाठी ‘नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंज’ ही यंत्रणा उभी केली. कल्पना चांगली आहे. दर कंपनीचं वेगळं पोर्टल नको, सगळ्यांनी एकाच साच्यात माहिती पाठवावी. अमेरिकेत अशा साच्याचा पाया १९९६ च्या हिपा कायद्याने घातला. आपल्याकडे विमा नियामक ‘इर्डा’ची परिपत्रकं आहेत.

२९ मे २०२४ चं परिपत्रक तर रुग्णाच्या बाजूचं आहे. कॅशलेसची विनंती आली की एका तासात निर्णय. डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलकडून बिल गेलं की तीन तासांत अंतिम मंजुरी. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. क्लेमसाठी लागणारे कागदही कंपनीने हॉस्पिटलकडूनच घ्यायचे, रुग्णाला पळवायचं नाही.

आता मुंब्रा, भिवंडी किंवा कल्याणच्या दूध नाक्यावरच्या एखाद्या घरातली कागदपत्रं काढून बघा. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे दाखल्यावरची नावं हा माझा रोजचा विषय. उर्दूत ‘शेख’ एकाच प्रकारे लिहितात. रोमनमध्ये मात्र ‘एस एच ए आय के एच’, ‘एस एच ई आय के एच’, ‘एस के’, ज्या कारकुनाला जे सुचलं ते. मोहम्मदचं कुठे ‘मोहम्मद’, कुठे ‘मोहं.’, कुठे नुसतं ‘एम डी’. (हॉस्पिटलात गेल्यावर हे तिसरं फारच शोभून दिसतं.) बायकांचं आणखी अवघड. रेशनकार्डावर ‘बी’, आधारवर ‘बानो’, पॉलिसीवर नवऱ्याचं नाव आणि दोन्ही गायब.

कागदाच्या काळात काउंटरवरचा माणूस चेहरा बघायचा, पत्ता बघायचा, चालवून घ्यायचा. यंत्र अक्षरं जुळवतं. जुळली नाहीत की ‘क्वेरी’ निघते. माझ्या मामूंना एका खासगी हॉस्पिटलातून सकाळी सुट्टी मिळाली आणि ते रात्री घरी आले. पॉलिसीवरच्या नावात एक ‘ए’ कमी होता. मुलगा स्टॅम्प पेपर शोधत स्टेशनपर्यंत गेला. तीन तासांचं काय, असं विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “क्वेरी आहे ना, सर.” तिचा दोष नाही. तिच्या स्क्रीनवर तेवढंच दिसत होतं.

कुणी म्हणेल, नावं नीट करून घ्या की. घ्यावीतच. पण शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर बदलणं किती जिकिरीचं असतं, ते मला माहीत आहे. रोजंदारीवरच्या माणसाने आधार, पॅन, रेशनकार्ड आणि पॉलिसी यांच्यासाठी किती खाडे करायचे? आणि हा फक्त मुसलमानांचा प्रश्न नाही. डोंबिवलीतल्या कितीतरी बायकांचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर आहे.

आजाराला कोड आहे, शस्त्रक्रियेला कोड आहे. आभा क्रमांक चौदा आकडी आहे. माणूस आकड्यावरून, जन्मतारखेवरून, फोटोवरून ओळखता येत असेल तर स्पेलिंगसाठी क्लेम अडवायची गरज काय? ‘इर्डा’ने एवढं स्पष्ट लिहावं: लिप्यंतरातला फरक हे क्लेम थांबवण्याचं कारण नव्हे. शंका असेल तर ती पॉलिसी देताना काढा. हप्ता घेताना तेच स्पेलिंग चाललं होतं.

तोवर घरच्यांनी पॉलिसी आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचावं, पेशंट बरा असतानाच. चूक दिसली तर कंपनीला ईमेल करावा, पोच जपून ठेवावी. काउंटरवर क्वेरी सांगितली तर ती लेखी मागावी, वेळेसकट. कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करायला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. ती तक्रार लिहून द्यायला आमच्यासारखे मास्तर आहेतच.