दोन मोठे, एक लहान

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि बसलोय तो भांडायलाच. नातेवाइकांपैकी जे हे वाचतात त्यांना कारण ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो.

एक नवीन रिसॉर्ट उघडतंय. थीम पार्क आणि त्याला लागूनच हॉटेल. नाव घेत नाही, कारण भांडण त्या एकाशी नाही, सगळे असंच करतात. दिवाळीच्या सुट्टीत उघडणार म्हणतात. ("म्हणतात" हा शब्द नीट वाचा.) जाहिरातीत हॉटेलचं जे चित्र आहे ते कॉम्प्युटरवर काढलेलं आहे. झाडं हिरवीगार, आकाश निळंभोर आणि खिडक्यांतून हात हलवणारी माणसं कुठल्या देशातली आहेत तेच कळत नाही. ही लिंक पुण्याच्या मावसबहिणीने आमच्या ग्रुपवर टाकली. उद्घाटनाची खास सवलत, पैसे आत्ताच पूर्ण भरायचे, रद्द केलं तर एक रुपया परत नाही, मुदत आज रात्री बारापर्यंत. झालं. लासूर स्टेशनपासून संभाजीनगरपर्यंत आमच्या सगळ्या घराला ताप चढला. "बुक करून टाकू, नंतर बघू." "पुढच्या आठवड्यात दुप्पट रेट होईल." "फक्त २ खोल्या शिल्लक दाखवतंय, लवकर ठरवा!"

मी म्हणालो, थांबा. म्हणून मी वाईट. असो.

आमच्या गावाच्या नावातच स्टेशन आहे. आगाऊ बुकिंग म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. रेल्वेसुद्धा आगाऊ पैसे घेते. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. पण रेल्वे ज्या गाडीचा बर्थ विकते ती गाडी रोज धावत असते. उशिरा का होईना, फलाटावर येते. बेत बदलला तर किती कापणार याचा तक्ता ठरलेला असतो आणि उरलेले पैसे खात्यावर येतात. इथे काय आहे? गाडी अजून कारखान्यात, रूळ टाकायचे बाकी, आणि तिकीट विकताहेत ते रद्द न होणारं! तरी आपण रांगेत उभे, वर पुढच्याला ढकलतोय.

फ्लॅटचं उदाहरण घ्या. १ मे २०१७ पासून आपल्याकडे महारेरा आहे. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातला ७० टक्के हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, तो फक्त त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचा. हे नियम का आले ते ज्यांचे पैसे अडकले त्यांना विचारा. पण अर्धवट बांधलेल्या हॉटेलातल्या तीन रात्री विकत घेतल्या तर यातलं काही लागू नाही. रक्कम लहान म्हणून कुणी लक्ष देत नाही. आमच्या घरात ती लहान नाही. खरिपाची मका विकून येणारे पैसे आहेत ते.

आणि उघडणं म्हणजे तरी काय? आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं. त्याच्या शेजारचं नोव्होटेल सप्टेंबर २०१५ मध्ये. ते एकूण २८७ खोल्यांचं योजलं होतं, पहिल्या टप्प्यात उघडल्या ११६. यात लबाडी नाही, मोठी हॉटेलं अशीच टप्प्याटप्प्याने उघडतात. पण आपण यातून दोन गोष्टी उचलायला हव्यात. एक, खोल्या पहिल्या दिवशी सगळ्यात कमी असतात, पुढे त्या वाढतच जातात. म्हणजे "नंतर जागा मिळणार नाही" ही भीती उलटी आहे. दोन, अर्धं हॉटेल उघडतं तेव्हा उरलेल्या अर्ध्यात काम चालू असण्याची शक्यता धरूनच चालायला हवं. (आमच्या शेजारच्यांनी घरावर मजला चढवला तेव्हा चार महिने आमच्या घरातले डबे हादरत होते. ते फुकट होतं. इथे त्याचे पैसे द्यायचे!)

दादाचा मुख्य मुद्दा रेटचा आहे, तर त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण दादा व्यापारी माणूस आहे आणि त्याला हिशोबच पटतो.

पॅरिसजवळ १२ एप्रिल १९९२ ला डिस्नेचं पार्क उघडलं. सोबत एकदम पाच हजारांहून जास्त खोल्यांची हॉटेलं. अमेरिकेतल्या अनुभवावरून त्यांचा अंदाज होता की लोक येतील आणि चार-चार दिवस राहतील. लोक आले, पण पार्क एका दिवसात बघून होत होता आणि पॅरिसहून लोकल थेट दारात येत होती. संध्याकाळ झाली की माणसं गाडीत बसून परत! खोल्या रिकाम्या पडल्या, एक मोठं हॉटेल तर पहिल्याच हिवाळ्यात तात्पुरतं बंद ठेवावं लागलं. मग खोल्यांचे दर उतरवले, आणि १९९४ मध्ये बँकांशी नव्याने तडजोड करून कंपनी सावरावी लागली. आता दादा, सांग, पहिल्या आठवड्यात कडक दराने खोली घेणारा शहाणा की नंतर आलेला? त्याच कंपनीने १ मार्च २०२२ ला फ्लोरिडात अंतराळयानाच्या थाटाचं १०० खोल्यांचं हॉटेल काढलं. दोघांना दोन रात्रींचे साधारण ४,८०० डॉलर. सप्टेंबर २०२३ अखेर ते बंदसुद्धा झालं. एवढी पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा करणारी कंपनी, तिलाही खोलीची बरोबर किंमत आधी कळत नाही. उद्घाटनाचा दर म्हणजे अंदाज असतो, आणि तो आपल्यावर करून बघितला जातो. "सवलत" कशावरची? ज्या दराने अजून एकही खोली विकली नाही त्या दरावरची!

आणि हो, कर विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यावर गेलं की १८ टक्के. म्हणजे मंगळवारी खोली ७,४०० ला असेल तर हातात बिल ७,७७० चं. शनिवारी तीच खोली ७,६०० झाली की बिल ८,९६८. दिसायला दोनशेचा फरक, खिशातून जातात जवळजवळ बाराशे. हॉटेलं मोठ्या अक्षरात कुठला आकडा लिहितात ते तुम्हीच बघा.

आता "फक्त २ खोल्या शिल्लक". ही युक्ती इतकी जुनी आहे की सरकारलासुद्धा कळली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या युक्त्यांची यादीच काढली आणि त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणं हा त्यातला एक प्रकार. "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं बटण दाबायला लावून लाजवणं हा दुसरा. शेवटच्या पायरीवर हळूच रक्कम वाढवणं हा आणखी एक. आता त्या साइटवरच्या दोन खोल्या खऱ्याच असतील, मी कोण नाही म्हणणारा. एवढंच सांगतो की मी रात्री नऊला बघितलं तेव्हा दोन होत्या, पावणेबाराला बघितलं तेव्हाही दोनच, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेताना बघितलं तर सवलत "लोकाग्रहास्तव" वाढवलेली आणि खोल्या... दोन.

पण मला खरा राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा.

आम्ही बारा माणसं. आई, आत्या, दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं, आम्ही नवरा-बायको आणि मुलगी, ताई-दाजी आणि त्यांचा धाकटा. त्या फॉर्मचा नियम असा की एका खोलीत दोन मोठे आणि बारा वर्षांखालचं एक मूल. दादाचा थोरला चौदाचा, माझी मुलगी तेराची, म्हणजे फॉर्मच्या लेखी दोघंही प्रौढ. (घरी दोघांना स्वतःचं ताट उचलायला सांगून बघा, किती प्रौढ आहेत ते कळेल.) हिशोब करता पाच खोल्या लागत होत्या. पाचाचा आकडा बघून सगळे गप्प. मग कुणीतरी लिहिलं, मी नाव घेत नाही, की आई आणि आत्या नाही आल्या तर दोन मोठ्या मुलांना जादा गादी घेऊन तीन खोल्यांत भागतं. "तसंही त्यांना राइड्समध्ये कुठे बसायचंय." आई शेजारीच बसली होती, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला काय करायचंय त्या पाळण्यांत बसून, तुम्ही जा." आणि ग्रुपवर धडाधड अंगठे! मी वेळ बघितली. पहिल्या मेसेजपासून आईचा निकाल लागेपर्यंत अकरा मिनिटं.

आपली आई असं वाक्य कधी बोलते हे आपल्या कुणाला माहीत नाही का? शेवटची पोळी उरली की "मला भूक नाही" म्हणते, तेव्हाच्याच सुरात बोलली ती. एरवी दादा तिथल्या तिथे ओरडला असता, "काही नाही, तू यायचंच." वहिनीने तिची बॅग भरली असती. त्या रात्री कुणी ओरडलं नाही, कारण घड्याळ मागे लागलं होतं. रात्री बाराची मुदत नसती तर हे घडलं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे. हॉटेलवाल्यांनी आईला नको म्हटलेलं नाही. त्यांनी फक्त एक चौकट केली, दोन मोठे, एक लहान, आणि मागे घड्याळ लावलं. आईला चौकटीबाहेर काढायचं काम आपण केलं.

लगेच म्हणाल, मग काय धर्मशाळेत राहायचं? तर हो, त्याबद्दलही बोलू. शिर्डीला किंवा शेगावला आपण सगळे मिळून जातो तेव्हा भक्तनिवासात पहिला प्रश्न "माणसं किती" हा असतो. मोठी खोली मिळते, गादी वाढवून मिळते, पोरं खाली झोपतात, आत्या भिंतीकडची जागा धरते. टॉवेलचा हंस करून ठेवत नाहीत, मान्य. शेगावला संस्थानाने आनंद सागर केलं, तळं, झाडं, छोटी आगगाडी. थीम पार्कच म्हणा की त्याला! तिथे फिरायला आलेल्या घरांत म्हातारी माणसं सगळ्यात पुढे असायची. तेव्हा "म्हाताऱ्यांना काय करायचंय" असं कुणाला सुचलं नाही, कारण सुचायला भाग पाडणारा फॉर्म नव्हता.

मी थीम पार्कच्या विरोधात नाही, हेही स्पष्ट सांगतो. नाहीतर मुलं माझ्याशी बोलायची नाहीत. २०१७ च्या मे महिन्यात आपण इमॅजिकाला गेलोच होतो की. तपोवनने कल्याण, तिथून खोपोली लोकल, दिवसभर पार्क आणि रात्री गावातल्या साध्या लॉजवर. दाजी त्या मोठ्या रोलरकोस्टरवरून उतरल्यावर अर्धा तास कुणाशी बोलले नव्हते, आठवतंय? मजा आली होती. पार्कच्या आवारातच झोपलो नाही म्हणून कुणाची मजा कमी झाली नाही. आता तर ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही उघडला, मुंबईकडे जाणं आणखी सोपं झालंय. मग रात्र नेमकी त्याच भिंतीआड काढायचा हट्ट कशाला, आणि तोही भिंत उभी राहायच्या आधी?

तर माझं म्हणणं असं. रिसॉर्ट उघडू द्या. दोन-तीन महिने जाऊ द्या. जे जाऊन येतील ते लिहितीलच, फोटो टाकतील, कॉम्प्युटरवरचे नव्हे, खरे. मग फोन करून सरळ विचारू, बारा माणसं आहोत, दोन म्हाताऱ्या आहेत, चारजणांची खोली आहे का, लिफ्ट चालू आहे का, पार्कात बसायला सावली आहे का, बेत रद्द झाला तर किती परत. उत्तरं पटली तर सगळे जाऊ. नाही पटली तर एका दिवसाचं तिकीट काढू आणि झोपायला दुसरीकडे. मुलांना मी समजावतो, ते काम माझ्याकडे. दादा, तुझ्या वाटच्या तीन खोल्यांचे पैसे अजून भरलेले नाहीत हे मला वहिनीकडून कळलंय, तेव्हा तेवढं थांबव.

आणि "त्यांना कुठे राइड्समध्ये बसायचंय" म्हणणाऱ्यांसाठी. काल मी आत्याकडे गेलो होतो. तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं, मी विचारलं. तिने पार्कची सगळी चित्रं मोबाइलवर बोटाने सरकवत बघितली, लाटांच्या तलावापाशी थांबली आणि विचारलं, "इथं नऊवारीवर पाण्यात जाऊ देतात का रे?" मला उत्तर आलं नाही. फोनवर विचारायच्या प्रश्नांत तेही घातलंय.